औषध दिलं की बरी, महिन्याने पुन्हा घरघर: परसातल्या कोंबडीचा श्वास का अडतो?

कोंबडी चोच उघडून श्वास घ्यायला लागली की घरातलं प्रत्येक माणूस आपापलं औषध सुचवतं. कोणी हळदीचं पाणी, कोणी लसूण, कोणी पोराच्या तापातलं उरलेलं सिरप. त्यातल्या एखाद्याने तिला उतार पडल्यासारखा वाटतो, आणि तीन-चार आठवड्यांनी तीच घरघर परत सुरू होते. इथे लिहितोय ते या परतून येणाऱ्या घरघरीबद्दल. दाणे टिपताना धूळ नाकात जाऊन एखादी शिंक आली, तर तिच्यामागे लागू नका.

इंदूरमध्ये अजूनही बऱ्याच मराठी घरांच्या मागे पाच-दहा कोंबड्या असतात. राऊ, बिजलपूर, महूच्या रस्त्याकडे तर जास्तच. अशा ठिकाणी मला दिसलेलं एक सांगतो: लोक आवाजाकडे लक्ष देतात आणि वेळेकडे देत नाहीत. घरघर, शीळ, खोकला हे आवाज पाच-सहा वेगवेगळ्या आजारांत जवळपास सारखेच येतात. नुसता आवाज ऐकून मुरलेला पशुवैद्यसुद्धा रोगाचं नाव घेत नाही. पण त्रास पहाटे होतो की दुपारी, झडीच्या पावसानंतर होतो की बाजारातून नवी तलंग आणल्यावर, हे नीट पाहिलं तर निम्मी कारणं तिथेच गळतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करत गेलात तरी पुरे.

मात्र काही वेळा कॅलेंडर बघत बसायचं नसतं. मान ताणून, चोच सताड उघडून प्रत्येक श्वास ओढत असेल, बसल्या जागेवरून उठत नसेल, तोंडातून रक्ताळलेला चिकट द्राव येत असेल, किंवा एकाच दिवसात दोन-तीन कोंबड्यांना एकदम धरलं असेल, तर आजारी कोंबड्या वेगळ्या करा आणि सरळ पशुवैद्याला गाठा. मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय फिरतं पथक बोलावता येतं. गाय-म्हशीसाठीच असतं असं समजून कोंबडीवाले फोन करत नाहीत. करून बघावा.

आता तपासणी. आधी तिला न पकडता बघा. शांत बसलेली मोठी कोंबडी मिनिटाला साधारण २० ते ३५ श्वास घेते आणि चोच मिटलेली असते. श्वासाबरोबर शेपूट वरखाली हलत असेल तर तिला जोर लावावा लागतोय. मान वर ताणून तोंड उघडत असेल तर अडथळा बहुधा वरच्या बाजूला, म्हणजे नाकात, घशात किंवा श्वासनलिकेत आहे. पकडल्यावर छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच तिच्या हवेच्या पिशव्या भरतात, त्यामुळे घट्ट धरलेली आजारी कोंबडी हातातच गुदमरू शकते. उताणीही करू नका. पोटात पाणी झालेली कोंबडी उताणी केली की ते पाणी पिशव्यांवर चढतं आणि दोन मिनिटांत खेळ संपतो.

तुऱ्याच्या रंगावरून ओळखा, असं सगळीकडे सांगतात: तुरा निळा-जांभळा पडला म्हणजे प्राणवायू कमी पडतोय. गावठी लाल तुऱ्याच्या कोंबडीला ते लागू पडतं. पण आपल्याकडे झाबुआचा कडकनाथ हौसेने पाळतात, आणि त्याचा तुरा, कातडी, जीभ मुळातच काळपट असते. तिथे रंग काही सांगत नाही. कडकनाथ ठेवणाऱ्याने शेपटीची हालचाल आणि श्वासांची मोजणी यांवरच विसंबावं.

रात्री सगळ्या दांडीवर बसल्या की तासाभराने दिवा न लावता खुराड्याशी जाऊन उभं राहा. दिवसाच्या कलकलाटात न ऐकू येणारी घरघर अंधारात स्पष्ट ऐकू येते, आणि एकीलाच आहे की चौघींना, हेही तेव्हाच कळतं. एकट्या कोंबडीला, महिनोन्‌महिने, आणि बाकीच्या ठणठणीत, असं असेल तर कारण तिच्या शरीरात शोधायचं. हळूहळू सगळ्यांना असेल तर हवेत किंवा संसर्गात.

पहाटे त्रास, दुपारपर्यंत बरी

हिवाळ्यात येणाऱ्या तक्रारींत ही मला सर्वांत जास्त दिसते. राऊकडे राहणाऱ्या आमच्या एका वहिनींचं गेल्या थंडीत हेच चाललं होतं. "भावोजी, सकाळी दार उघडलं की सगळ्या शिंकतात, डोळे चोळतात. उन्हात आल्या की काही नाही. रोज औषध पाजतेय पाण्यातून." जाऊन पाहिलं तर थंडी लागू नये म्हणून खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिक आणि वर गोणपाट, फट म्हणून कुठे नव्हती. माया होती, पण हवा नव्हती.

रात्रभर विष्ठेतून निघणारा अमोनिया अशा बंद खुराड्यात साचतो. हवेच्या दहा लाख भागांत तो २० ते २५ भागांच्या वर बराच काळ राहिला की श्वासनलिकेच्या आतले सूक्ष्म केस, जे धूळ आणि जंतू बाहेर ढकलत असतात, ते लुळे पडतात. पुढे साधा जंतूही आत जाऊन बसतो. म्हणून औषधाने बरी झालेली कोंबडी त्याच खुराड्यात परत आजारी पडते. वास आपल्याला उभ्याने कळत नाही. पहाटे दार उघडण्याआधी ओणवं होऊन कोंबडीच्या उंचीवर नाक न्या आणि डोळे झोंबतात का बघा. रोज आत जाणाऱ्याचं नाक सरावतं, तेव्हा हे काम शेजारच्या माणसाला सांगितलेलं बरं.

उपाय सोपा आहे, लोकांना पटत मात्र नाही. इंदूरची थंडी कोंबडी सोसते. पिसं फुलवून बसली की पाच-सात अंशांतही तिचं निभतं. तिला सोसत नाही ती ओल. दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर दोन समोरासमोरच्या भिंतींना हातभर रुंद जाळीच्या पट्ट्या उघड्या ठेवा. वारा अंगावर येणार नाही आणि कोंदट हवा वरून निघून जाईल. खालची बाजू हवी तर झाका.

खुराड्यात अंथरलेली भुशाची गादी ओली झाली की आपल्याकडे चटकन चुना टाकतात. ओल्या विष्ठेवर टाकलेला चुना अमोनिया आणखी मोकळा करतो, म्हणजे त्या रात्री त्रास वाढतो. चुना टाकायचा तो सगळी गादी काढून, फरशी खरडून, नव्या गादीआधी. ओल कुठून येते तेही शोधा. पाण्याचं भांडं कलंडणं हे नेहमीचं कारण. दुसरं खास आपल्या शहराचं: उरलेली शेव आणि मिक्स्चर. शेवेतल्या मिठाने कोंबडी ढसाढसा पाणी पिते, पातळ हगते, आणि गादी दोन दिवसांत चिखल होते. वहिनींकडे मुलं रोज संध्याकाळी मूठ-मूठ शेव टाकत होती. शेव बंद, वरची जाळी मोकळी, गादी नवी, एवढ्यावर शिंका थांबल्या. औषधाची बाटली अर्धी उरली.

झडीनंतर, आवाज न करता

भाताचं तूस माळव्यात सहज मिळत नाही. आपण सोयाबीनचं भूस, गव्हाचा भुसा किंवा आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा वापरतो. तिन्ही चालतात, कोरडे असेपर्यंत. सोयाबीनचं भूस पावसात भिजून दडपलं गेलं की आतून गरम होतं आणि त्यावर हिरवट-करडी बुरशी धरते. वर कोरडं दिसतं, हात घालून उलटलं की कळतं. ही अॅस्परजिलस बुरशी. तिचे कण फुप्फुसात जाऊन तिथेच गाठी धरतात.

हिची खूण म्हणजे शांतता. कोंबडी तोंड उघडून धापा टाकते, वाळत जाते, पण घरघर फारशी नसते, नाकातून पाणीही येत नाही. पिल्लांत हे झपाट्याने जातं, मोठ्या कोंबडीत महिनोन्‌महिने रेंगाळतं. परसात करता येण्यासारखा खात्रीचा इलाज यावर नाही, आणि प्रतिजैविकं बुरशीवर चालत नाहीत. भूस जाळून किंवा लांब पुरून टाकायचं, कुबट वासाचा मका आणि ज्वारी फेकायची आणि बाकीच्या वाचवायच्या. "थोडी बुरशी आहे, कोंबडीलाच तर घालायचंय" हे वाक्य घराघरात ऐकू येतं. कोंबडीला तर मुळीच घालू नये.

भर दुपारी

मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे गेला की धापा हा आजार नसतो. कोंबडीला घाम येत नाही, शरीराचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश, त्यामुळे ती तोंडावाटेच गरमी बाहेर टाकते. पंख अंगापासून दूर, चोच उघडी, आणि संध्याकाळी गार वारा सुटला की सगळं पूर्ववत. सावली, दुपारी बदललेलं गार पाणी, पाय बुडतील असं उथळ घमेलं, दाणा सकाळी लवकर आणि उन्हं उतरल्यावर. सततच्या धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि अंड्याची कवचं पातळ होतात, त्याला घाबरू नका. मात्र आपल्या इंदुरी गार रात्रीसुद्धा धापा चालू राहिल्या तर उन्हाला दोष देऊन चालणार नाही.

बरी होते, पुन्हा होते

आता मूळ तक्रार. ही बहुतेक वेळा मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूची. पोल्ट्रीवाले तिला सीआरडी, म्हणजे श्वासाचा जुनाट आजार, म्हणतात. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा बारीक फेस, ओलं नाक, रात्रीची घरघर, कधी डोळ्याखाली सूज, आणि तरीही कोंबडी खाते-पिते. आठवडाभर औषध चाललं की लक्षणं जातात. जंतू जात नाही. एकदा झालेली कोंबडी बहुधा जन्मभर तो बाळगते, आणि शरीरावर ताण आला की डोकं वर काढतो: पिसं गाळताना, अंड्यांचा भर असताना, खुडूक बसून उठल्यावर, अचानक थंडी पडल्यावर, खुराडं बदलल्यावर. कॅलेंडरवरच्या खुणा इथे उपयोगी पडतात. प्रत्येक उचल अशाच एखाद्या ताणापाठोपाठ आलेली दिसली तर निदान जवळपास झालंच. रक्ततपासणीने पक्कं करता येतं.

घरच्या औषधांपैकी अमॉक्सिसिलिन हे सगळ्यांच्या हाताशी असतं, आणि इथे ते कुचकामी. पेनिसिलिनच्या जातीची औषधं जंतूच्या पेशीभित्तीवर घाव घालतात, आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तीच नसते. टायलोसिन, डॉक्सिसायक्लिन यांचा उपयोग होतो, पण मात्रा आणि दिवस पशुवैद्याने ठरवावेत, आणि ते दिवस पुरे करावेत. औषध चालू असताना आणि नंतर ते सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत. "बरी दिसली, थांबवलं" यातूनच पुढच्या महिन्याची घरघर तयार होते. दुकानात कुणी जुन्या साठ्यातलं कोलिस्टिन हे प्रतिजैविक काढून दिलं तर घेऊ नका. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर भारतात २०१९ पासून बंदी आहे.

हा जंतू अंड्यातून पिल्लात उतरतो. तेव्हा अशा कोंबडीची अंडी उबवायला ठेवू नका, ती कितीही गुणाची असली तरी. कळप छोटा असेल तर माझं मत असं की आहे त्या कोंबड्या आहेत तशा सांभाळाव्यात, बाहेरून नवीन आणू नये आणि आपल्यातली दुसऱ्याला देऊ नये. कापून सगळं नव्याने सुरू करा, हा सल्ला हजार पक्ष्यांच्या शेडला ठीक आहे. नावाने हाक मारलेल्या चार कोंबड्यांना कोण कापतं?

त्रास नव्या कोंबडीपाठोपाठ दोन-तीन दिवसांतच सुरू झाला, तोंड सुजलं, आणि नाकातल्या घाणीला कुजका वास येतोय, तर तो बहुधा कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी. हाटातून आणलेला पक्षी तीन-चार आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यात ठेवायचा, हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि कुणी पाळत नाही. पिंजरा शेजारी-शेजारी ठेवणं म्हणजे वेगळं ठेवणं नव्हे. नव्या पक्ष्याचं काम आधी नाही, शेवटी करा, आणि मग हात-पाय धुवा.

लस दिल्यानंतर चार-पाच दिवसांनी आलेल्या हलक्या शिंकांनी घाबरू नका. मानमोडीवरच्या (रानीखेत) लासोटासारख्या जिवंत लशीने तसं होतं आणि आपोआप थांबतं. ही लस पाण्यातून देणार असाल तर नळाच्या नर्मदेच्या पाण्यातलं क्लोरीन ती मारून टाकतं. पाण्यात आधी साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा, किंवा डोळ्यात थेंब टाकण्याचा मार्ग धरा.

तोंडात बघा, पोट चाचपा

दिवसाच्या उजेडात चोच उघडून आत बघा. जिभेच्या मुळाशी एक फट उघडते-मिटते, ती श्वासनलिका. तिच्या भोवती पिवळी, पनीरसारखी साय दिसली तर तीन शक्यता. तुऱ्यावर, पापण्यांवर खपल्याही असतील तर कोंबड्यांची देवी, आणि ती पावसाळ्यात डासांनी पसरते. पारवे तुमच्याच भांड्यात पाणी पीत असतील तर त्यांच्याकडून आलेला ट्रायकोमोनास हा सूक्ष्म परजीवी. पारव्यांना दाणे घालणं पुण्याचं असेल, पण भांडं वेगळं असू द्या. आणि महिनोन्‌महिने नुसता भुसा-कणी खाऊन हिरवा पाला न मिळालेल्या कोंबडीत अ जीवनसत्त्वाची उणीव. साय खरवडू नका. देवीत खालून रक्त येतं आणि तेच श्वासनलिकेत उतरतं.

पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांची पिल्लं डोकं झटकून खोकत असतील, गांडुळं टिपत असतील, तर श्वासनलिकेतले जंत असू शकतात. लाल, जोडीने चिकटलेले. विष्ठा तपासून घ्या, इलाज जंतनाशकाने होतो. मोठ्या कोंबडीत हे क्वचित, म्हणून प्रत्येक धापेला जंतनाशक पाजण्यात अर्थ नाही.

एकटीच धापा टाकते, घरघर नाही, नाक कोरडं: तिचं पोट चाचपा. पाणी भरलेल्या फुग्यासारखं लागलं तर पोटात पाणी किंवा आतल्या आत साचलेली अंडी. दोन्हीने हवेच्या पिशव्या दबतात आणि छाती अगदी साफ असूनही श्वास लागतो. सकाळी दाणा घालण्याआधी गळ्याखालची पिशवीही बघा. रात्रीत ती रिकामी व्हायला हवी. कडक, भरलेली असेल तर अडकलंय. मऊ, आंबट वासाची असेल तर कोंबडीला उलटं धरून ओकवू नका, ते पाणी फुप्फुसात जातं.

जिथे थांबायचं नाही

श्वासाच्या त्रासाबरोबर हिरवट पातळ हगवण, लुळे पाय, मान पिळवटणं असेल तर ती मानमोडी, म्हणजे रानीखेत. सुरू झाल्यावर औषध नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठ आठवड्यांनंतर आर२बी या लशी वेळेवर दिलेल्या कळपातच ती वाचवता येते. परसातल्या कोंबड्यांना लस कशाला, असं म्हणणाऱ्यांच्याच खुराड्यात ती फिरते. शंभर मात्रांची कुपी चार शेजाऱ्यांनी मिळून घ्यावी, बर्फात आणावी, आणि फोडल्यावर तासा-दोन तासांत संपवावी.

आसपास कावळे मरून पडलेत आणि कोंबड्या धडाधड जातायत, तर काही हाताळू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. २०२० च्या डिसेंबरअखेरीस इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेलेले सापडले होते आणि भोपाळच्या उच्च-सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत एच५एन८ बर्ड फ्लू निघाला होता. हे शहराला नवं नाही.

असं काही नसेल आणि तरी एखादी कोंबडी दगावलीच, तर ती पुरण्याआधी थांबा. महूचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५५ पासून आहे, इंदूरहून तासाभराच्या अंतरावर. आधी फोनवर विचारून शवविच्छेदनासाठी न्या. मेल्यावर लगेच दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठलं की पेशी फुटतात आणि नीट दिसत नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी पोहोचलं पाहिजे. हाताळताना तोंडाला मास्क आणि हातात पिशवी. सोबत कॅलेंडरवरच्या खुणा, दिलेल्या औषधांची नावं आणि लशींच्या तारखा लिहिलेला कागद न्या. तिथले डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.